मांडीवरचा ट्रे

घरात तिला बारकी म्हणत. तीन बहिणींत धाकटी म्हणून बारकी. तिशी उलटली, परदेशात संशोधन करायला जाऊन चार वर्षं झाली, तरी आईचा फोन आला की पहिला शब्द तोच. प्रयोगशाळेत मात्र तिला बारकी म्हणायची कुणाची छाती झाली नसती. तिथे तिचा दरारा होता, आणि तो सगळा तिच्या वहीमुळे होता.

लॅबची वही म्हणजे साधी वही नव्हे. पानांवर छापील आकडे असतात, पान फाडायचं नसतं, खोडायचं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. जो कागद हाती येईल तो त्याच दिवशी डिंकाने चिकटवायचा आणि खाली आकृती क्रमांक घालायचा. वही इमारतीबाहेर न्यायची नाही, ती गोष्ट वेगळीच. नियम सगळ्यांना होते, पाळायची ती एकटी. बाकीची मंडळी महिनाअखेरीला पेन चावत मागचं सगळं आठवून लिहीत. बारकीच्या वहीत यंत्रातून निघालेला प्रत्येक आलेख होता, बाटल्यांवरची लेबलं होती, बंद पडलेल्या फ्रिजवर कुणीतरी रागाने लावलेली चिठ्ठीसुद्धा होती. तिचे आप्पा पोस्टात कारकून होते, त्यामुळे कागद जपायचं वेड घरातूनच आलेलं. तिच्या शेजारच्या टेबलावरचा लंबू तिला म्हणायचा की एक दिवस तू स्वतःलाच चिकटवून घेशील. ती हसायची नाही. आपल्या शिस्तीचा तिला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता हे सांगितलंच पाहिजे.

तिचं काम एका प्रोटीनवर होतं. त्याचा आकार आजवर कुणी पाहिलेला नव्हता. तो पाहायचा तर आधी त्याचे स्फटिक करावे लागतात, आणि स्फटिक होणं न होणं हे त्यांच्या मर्जीवर असतं. चौदा महिने ती निरनिराळ्या द्रावणांचे थेंब प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घालून, वरून पारदर्शक पट्टी चिकटवून वाट पाहत होती. शेवटी एका थेंबात तीन स्फटिक आले. खसखशीच्या दाण्याहून लहान, पण कडा स्वच्छ. प्रोफेसरबाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या बाई कुणाच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या नव्हत्या.

आता हे स्फटिक शेजारच्या देशातल्या मोठ्या यंत्राच्या किरणांत धरायचे होते. किरण स्फटिकातून गेले की पडद्यावर ठिपके उमटतात, आणि ते जितके कडेपर्यंत पोचतील तितका प्रोटीनचा आकार स्पष्ट कळतो. यंत्रावर वेळ मिळते सहा महिन्यांतून एकदा, तीही सहा तास. बारकीला मिळालेली वेळ होती गुरुवारी दुपारी दोन ते रात्री आठ. स्फटिक पंधरा दिवसांत विरघळून जाणार होते आणि तिची शिष्यवृत्ती तीन महिन्यांत संपणार होती. म्हणजे गुरुवार हुकला तर प्रबंधाचं मुख्य प्रकरणच गेलं, आणि त्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. चार वर्षं काय केलं, असं घरी कुणी विचारलं नसतं. तेच तिला जास्त लागलं असतं.

ट्रे कुरिअरने पाठवता येत नाही. हिंदकळला की थेंब फिसकटतात. म्हणून गुरुवारी सकाळी सहाच्या बसमध्ये ती ट्रेचा डबा मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हरने डबा खाली सामानात टाकायला सांगितलं, तर तिने त्याला असं काही सुनावलं की तो पुढे तिच्याकडे आरशातूनच बघत राहिला. शेजारी एक गवंडी होता. चांगला आडवा माणूस, पायाशी हत्यारांची पिशवी, आणि बस सुटल्यापासून त्याचं खाणं चाललेलं. त्याचं कोपर डब्याजवळ आलं की बारकीचा जीव वरखाली व्हायचा. तळहातावरच्या फोडासारखा तिने तो डबा तीन तास जपला, आणि नऊ वाजता बस सीमेवरच्या नाक्याला थांबली.

सगळ्यांना खाली उतरवलं. तपासणीच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेल्या एक अधिकारी बाई होत्या. डब्याचे कागद चोख होते, प्रोफेसरबाईंचं पत्र, विद्यापीठाचा शिक्का, सगळं जागच्या जागी. उघडून दाखवा म्हणाल्या तेव्हा बारकीने डबा उघडला पण ट्रेवरची पट्टी काढायची नाही म्हणून हात जोडले. बाईंनी दिव्याखाली वरूनच पाहिलं, ठीक आहे म्हणून मान डोलावली आणि तिचा पासपोर्ट मागितला.

राहण्याच्या परवान्याची मुदत आठ दिवसांपूर्वी संपलेली होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, तिने नव्या परवान्यासाठी वेळेवर अर्ज दिला होता आणि कचेरीने शिक्क्याची पावती दिली होती. नवं कार्ड येईपर्यंत या पावतीवर येजा करता येते. बारकीने पावतीच्या तीन झेरॉक्स ऐटीत काढून दिल्या.

"मूळ पावती?" बाईंनी विचारलं.

बारकीने बॅगेत हात घातला, आणि हात तसाच राहिला. पावती कुठे आहे ते तिला लख्ख आठवलं. कचेरीतून ती थेट लॅबमध्ये आली होती. हातात कागद होता आणि समोर डिंक. पान एकशे बारा.

 तिने लंबूला फोन लावला. तो धावत टेबलाशी गेला आणि फोटो पाठवला. पावती चारी कोपऱ्यांनी घट्ट चिकटवलेली, खाली तारीख, सही, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'आकृती ४७ : मुक्काम परवान्याच्या अर्जाची पावती'. अधिकारी बाईंनी तो फोटो दोनदा पाहिला. त्यांना हसू आवरलं नाही, शेजारच्या सहकाऱ्यालाही त्यांनी तो दाखवला. पण हसून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि फोटो चालत नाही म्हणून सांगितलं. लंबू पावती घेऊन निघाला असता तरी पुढची बस दुपारी होती, तो नाक्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती. इकडे पाच वाजताच्या परतीच्या बसने हिला मागे पाठवायचं ठरलंसुद्धा.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुटायला चार मिनिटं होती.

बारकीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एवढी शिस्त, एवढा दिमाख, आणि अक्कल कुठे गहाण टाकली होती? पण रडायला वेळ नव्हता. मी जाऊ शकत नाही, ट्रे जाऊ शकतो. हा विचार तिच्या मनात आला आणि तिची तिलाच भीती वाटली, कारण ट्रे न्यायचा तर कुणीतरी मांडीवर घेऊन बसायला हवं होतं. बसच्या दाराशी गवंडी हात झटकत उभा होता. तिने त्याला गाठलं, डब्याचे कागद आणि आपला फोन नंबर त्याच्या हातात दिला आणि एका दमात सांगितलं की हा डबा चार तास मांडीवर धरायचा, तिरका करायचा नाही, आपटायचा नाही, तिथे उतरल्यावर एक माणूस घ्यायला येईल.

"पातळीत ठेवायचा ना?" गवंडी म्हणाला. "मग ते मला नका शिकवू. बत्तीस वर्षं तेच करतोय."

त्याने पिशवीतून लेव्हलची पट्टी काढली, डब्यावर ठेवली आणि तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आल्यावर डबा उचलला. बस गेली. आपल्या चौदा महिन्यांना एका अनोळखी माणसाच्या हवाली करून बारकी नाक्यावरच्या बाकावर बसून राहिली.

मग तिने यंत्रावरच्या इंजिनिअरला फोन केला. त्याची नि तिची ओळख फक्त पत्रांतली. यंत्र चालवणं हे त्याचं काम. थेंबातून स्फटिक काढायचं काम ज्याचं त्याने करायचं असतं, आणि त्याला सराईत हात लागतो. केसाएवढ्या नायलॉनच्या फाशात स्फटिक अलगद धरायचा आणि क्षणात थंड वायूच्या झोतात न्यायचा, की झालं. बोलायला सोपं. लॅबमध्ये हे बारकीइतकं सफाईने कुणाला जमत नव्हतं. तिची आई घरी शर्टांची काजं करून द्यायची, तो हात लेकीत उतरला होता. इंजिनिअरने मात्र आयुष्यात दोनदा स्फटिक काढले होते, आणि ते त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तरी तुम्ही सांगाल तसं करून बघतो, असं तो म्हणाला.

एकला गवंड्याचा फोन आला की डबा दिला, बुडबुडा हलला नाही. मला झोप लागेल म्हणून वाटेत काही खाल्लंसुद्धा नाही, असं तो म्हणाला. बारकीने त्याचे तीनतीनदा आभार मानले.

अडीच वाजता तिच्या फोनवर चित्र उमटलं. इंजिनिअरने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर फोन लावला होता. थेंब शाबूत होता, तिन्ही स्फटिक जागेवर. बारकीने वहीत लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी सांगितली. पट्टी कापा, फासा थेंबात घाला, स्फटिकाखाली न्या, उचला. फासा बाजूने आत शिरला, थेंबावरची साय फाशाला लागून ओढली गेली आणि पहिला स्फटिक कडेला घासून तुटला. तिने डोळे मिटले नाहीत. दुसरा घ्या म्हणाली. दुसरा फाशात आला, चांगला आला, पण झोतापर्यंत नेताना इंजिनिअर क्षणभर थबकला. तेवढ्यात तो वाळून त्याला तडा गेला.



"हे बघा, माझा हात कापतोय," इंजिनिअर म्हणाला. "शेवटचा मी घालवला तर मला जन्मभर वाईट वाटेल. आपण थांबू या. सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः या."

बारकीने त्याला सांगितलं नाही की सहा महिन्यांनी ती तिथे नसेल आणि स्फटिकही नसेल. सांगितलं असतं तर त्याचा हात आणखी कापला असता. दोन मिनिटं द्या, एवढंच ती म्हणाली. थेंब वाळत होता, दोन मिनिटंही जास्तच होती.

तिने पर्समधून पेन्सिल काढली, नाक्यावरच्या टेबलाशी बसली आणि समोर थेंब आहे असं धरून स्वतःच स्फटिक काढायला लागली. आणि आपल्याच हाताकडे पाहत राहिली. तो हात वहीत लिहिलेलं काहीच करत नव्हता. करंगळी टेबलावर रोवलेली होती. मनगट बाहेर वळलेलं. पेन्सिल बाजूने न जाता आधी खाली बुडत होती आणि मग तळाकडून वर येत होती. आणि उचलायच्या ऐन वेळी ती श्वास सोडत होती, धरत नव्हती. चार वर्षांत तिने यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आपण असं करतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"करंगळी टेकवा," ती फोनमध्ये म्हणाली. "टेकवली? आता मनगट बाहेर. फासा स्फटिकाकडे नेऊ नका, लांब बुडवा, तळाला लागू दे. मी सांगते तशी खालून या. घाई नाही."

ती पेन्सिल हलवत होती आणि जे हात करेल ते बोलत होती. पडद्यावर फासा डगमगत खाली गेला, थांबला, सरकला. स्फटिक त्याच्यावर किंचित तरंगल्यासारखा झाला.

"आता श्वास सोडा आणि न थांबता झोतात."

तिने स्वतःही सोडला. पडदा रिकामा झाला. इंजिनिअर फोनपासून लांब गेला होता आणि नुसती पावलं ऐकू येत होती, मग जड दार लागल्याचा आवाज, मग काहीच नाही. तिकडे किरण सोडायच्या आधी खोली बंद करतात हे तिला माहीत होतं. टेबलापलीकडे अधिकारी बाई परतीचा कागद भरत होत्या. तिने पेन्सिल दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

सात मिनिटांनी तो आला.

"ठिपके आलेत."

"कुठवर?"

"पार कडेपर्यंत. इतके स्वच्छ मी वर्षभरात पाहिले नाहीत. चालू ठेवतो, आठपर्यंत सगळं उतरवून घेतो."

बारकीने फोन ठेवला आणि तिला हुंदका आला. मग दुसरा. लहानपणीही रडली नसेल अशी ती त्या टेबलावर डोकं ठेवून रडली. अधिकारी बाई लगबगीने उठल्या. त्यांनी पाण्याचा ग्लास आणला, खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून समजूत घालायला लागल्या. इतकं मनाला लावून घेऊ नका, रोज कितीतरी जण कागदापायी परत जातात. आजचं काम बुडलं असेल, पण आयुष्य काही इथे संपत नाही. त्यांचंही मन भरून आलं होतं. नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि बारकी नुसती मान हलवत होती.

पाचला बस आली. बाईंनी परतीच्या कागदावर तिची सही घेतली आणि दारापर्यंत सोबत आल्या.

"पुढच्या वेळी मूळ पावती आणा," त्या हळूच म्हणाल्या. "मी स्वतः तुम्हाला सोडेन."

"आता नाही लागणार यायला," बारकी म्हणाली, आणि डोळे पुसत बसमध्ये चढली.