चौकातली विडीवाली

परवा आईला घेऊन चौकात गेलो. आमच्या बाईंनी तिथे विड्या वळणाऱ्या बाईचा दगडी पुतळा बसवलाय. बाईंनी जन्मभर सोलापूरला दिलं. शाळा दिली, दवाखाना दिला, माझ्यासारख्या विडी कामगारांच्या पोरांची फी भरली. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी, आणि हे मी मान वर करून सांगतो. म्हातारपणी बाई म्हणाल्या, "चौकाचौकात राजे आहेत. राबणाऱ्या बायका कुठे आहेत?"

पुतळा ओळखूच येईना. तोंडभर शेंदूर, अंगावर हिरवी साडी, मांडीवरच्या सुपात नारळाची शकलं. बाई शेजारी काठी टेकून उभ्या होत्या.

"धुऊन घेऊ का, बाई?"

"दोनदा धुतला," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे दगडाला बाईचं रूप आलं की त्याची देवी व्हायला एक मंगळवार पुरतो. हात जोडले की सुटलो. राबणाऱ्या बाईकडे मात्र नीट बघावं लागतं, आणि तेवढंच आपल्याच्यानं होत नाही.

आईने चप्पल काढली, कुंकू वाहिलं, डोकं टेकवलं. बाईंनी हळूच विचारलं, "अक्का, ओळखलंत का हिला?"

"न ओळखायला काय झालं? देवी की ओ. विड्या वळून वळून बोटं लई दुखत्यात म्हणून सांगितलं तिला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढा शिकलेला, पण आईचे हात अजून जोडलेलेच होते. मी नुसती तिची चप्पल तिच्या पायाशी सरकवली.