पन्नास टक्क्यांचं बाळ

"डॉक्टर, रीचेकिंग व्हस का?"

आबांनी माझ्या टेबलावर मार्कशीट ठेवली नव्हती. त्यांची पाच महिन्यांची नात ठेवली होती. गार्गीने लगेच माझा स्टेथोस्कोप पकडला आणि तोंडात घातला.

"कशाचं रीचेकिंग, आबा?"

"वजननं. मागे पन्नास टक्का भेटनात. आमना घरमा साठना खाले कोनी उना नही."

मी धुळ्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. औषध कडू आहे, इंजेक्शन जोरात टोचलं, वेटिंग फार आहे, अशा सगळ्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. बाळाचे मार्क वाढवून मागायला आलेले आबा मात्र पहिलेच.

पारोळ्याजवळ त्यांची कापसाची शेती, बोली अहिराणी. सोबत त्यांची बायको होती, तिला सगळे अक्का म्हणत. आणि सून जयश्री. ती भिंतीला टेकून खाली बघत उभी होती. डोळे सुजलेले. मला हसू येत होतं, पण तिच्याकडे बघून मी ते गिळलं.

हळूहळू प्रकरण कळलं. मागच्या लसीच्या वेळी मी गार्गीचं वजन ग्रोथ चार्टवर टाकलं होतं. बाळाचं वय आणि वजन जुळवून बघायचा हा आलेख. त्यावरून कार्डावर लिहिलं, 'फिफ्टिएथ पर्सेंटाइल'. तिच्या बापाने कौतुकाने कार्डाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आबांची लेक सुरतला दिलेली आहे. तिलाही जवळपास त्याच वयाची मुलगी. तिकडून लगेच उत्तर आलं, 'आमची नाइन्टी!' सोबत नाचणारी चित्रं.

ग्रुपने दोन्ही आकडे टक्के म्हणून वाचले. सुरत डिस्टिंक्शनमध्ये, पारोळा काठावर पास. मग कारण शोधणं आलं. कोणीतरी ठरवलं, सुनेचं दूध पातळ आहे. अक्का पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आल्या. हे सोनगीरला जयश्रीच्या आईला कळलं. "माझ्या पोरीच्या दुधाला नावं ठेवता? मी तिला घरी घेऊन येते," असा तिचा फोन आला. दोन्ही घरांचं बोलणं बंद.

"डबा सुरू केला का?" मी विचारलं.

"उद्यापासून करणार होतो," जयश्री हळूच म्हणाली.

मला बरं वाटलं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच द्यायचं, वरचं काही नाही. चांगलं चाललेलं मध्येच तोडलं असतं तर खरंच पंचाईत झाली असती.

मी गार्गीला काट्यावर ठेवलं. वजन छान वाढलेलं. बाळ तरतरीत, गालांना खळ्या.

"आबा, हे टक्के नाहीत. टक्के म्हणजे पर्सेंट. हे पर्सेंटाइल आहे."

आबांनी विचार केला. "पर्सेंट म्हनजे टक्का. टाइल म्हनजे फरशी. मधमा फरशी कसाले उनी?"

माझी सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. मी पुन्हा समजावलं. आबांनी मान हलवली आणि विचारलं, "ते ठीक शे. पन साठ करता येतीन का?"

आता तोंडी सांगून भागणार नव्हतं. मी उठले आणि दार उघडलं. वेटिंगमध्ये दहा-बारा माणसं होती.

"जरा सगळे उभे राहा. उंचीप्रमाणे रांग लावा. बुटके या दाराकडे, उंच तिकडे पाण्याच्या टाकीकडे."

डॉक्टरने सांगितलं म्हटल्यावर लोक काहीही करतात. पोरं कडेवर घेऊन सगळे उठले. "तुम्ही पुढे", "नाही हो, तुम्हीच उंच", पाठीला पाठ लावून मापं सुरू झाली. एक बाई चपला काढून आली. एका ट्रक ड्रायव्हरचं डोकं ट्यूबलाइटला लागत होतं, तो आपण होऊन टाकीपाशी गेला. आबाही तिकडेच निघाले आणि ड्रायव्हरच्या शेजारी छाती काढून उभे राहिले.

"आबा, टोपी काढा."

"टोपी कसाले?"

"काढा तर."

टोपी निघाली आणि आबा एकदम बरेच खाली आले. ड्रायव्हरने त्यांना अदबीने दाराकडे सरकवलं. पुढच्यानेही. तसे सरकत सरकत ते रांगेत शिरलेल्या अक्कांपाशी आले. अक्कांनी पदर सावरला, पाठीला पाठ लावली, आणि सगळं वेटिंग हसलं. अक्का चांगल्या चार बोटं उंच होत्या.

"लगनपासून माले माहीत शे," अक्का म्हणाल्या. "मीच बोलनू नही."

आबा शेवटी दाराशी येऊन थांबले. त्यांच्यापेक्षा बुटक्या दोनच बायका उरल्या होत्या.

"आबा, तुमच्या मागे दोघीच. मग तुम्ही उंचीत नापास का?"

"नापास कसाले? मन्ही उंची पुरी शे!"

"कुठे कमी पडली नाही ना?"

"नही!"

"मग झालं. पर्सेंटाइल म्हणजे फक्त रांगेतली जागा. गार्गीच्या वयाच्या शंभर मुलींची रांग लावली, हलक्या इकडे, जड तिकडे, तर गार्गी मधोमध उभी राहील. निम्म्या तिच्याहून हलक्या, निम्म्या जड. यात पास-नापास नाही."

आबांचे डोळे चमकले.

"मंग सुरतनी नव्वद?"

"ती जड मुलींच्या बाजूला उभी आहे. तीही छान. एवढंच."

"म्हनजे ती पहिली नही, जाडी शे!" त्यांनी खिशातून फोन काढला. मी तो काढून घेतला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. एक भांडण मिटवताना दुसरं लावायचं नव्हतं.

वेटिंगमध्ये लोक अजून हसत होते. ड्रायव्हर विचारत होता, "मॅडम, माझे किती आले?" त्या सगळ्या गोंधळात जयश्री माझ्याजवळ आली.

"म्हणजे माझं दूध पुरतंय?"

"पुरतंय. उत्तम पुरतंय."

ती आधी हसली आणि मग रडली. अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याच टेबलावरून सोनगीरला फोन लावला. "विहीनबाई, पोर एकदम चांगली शे. चूक आमनी व्हती," एवढं म्हणून तो जयश्रीच्या कानाला लावला. पलीकडून आधी मोठा आवाज आला, मग लहान, मग हसणं. डब्याच्या दुधाचा घरी चहा झाला, असं नंतर समजलं.

पुढच्या लसीला आबा पुन्हा आले. मी वजन केलं, चार्टवर ठिपका दिला. आबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढा महिना व्हयनात, आजून पन्नासच?"

"आबा, रांगेतल्या सगळ्याच मुली वाढल्या. गार्गी थांबली असती तर मागे पडली असती."

त्यांनी हनुवटी खाजवली.

"वरातमा नवरदेवना घोडा मधमा चालस," ते म्हणाले. "वरात पुढे जास. घोडा बी पुढे जास. पन ऱ्हास मधमाच. तसं?"

"अगदी तसं."

मी इतकी वर्षं पालकांना हे समजावते आहे. वरात मला सुचली नव्हती. आता ती मी सर्रास वापरते.

टक्के एकट्याचे असतात, तुमचा पेपर आणि तुम्ही. पर्सेंटाइलला मात्र शेजारी लागतात. आकडा कुठलाही असो, आधी विचारावं की तो कशातला आहे. आणि बाळाचा असेल तर ग्रुपवर टाकू नये.