घंटाभराची झोप

शिकाऊ सर्जन म्हणून माझं ते पहिलं वर्ष होतं. औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात आमच्या युनिटचा अलिखित कायदा होता: इमर्जन्सीच्या दिवशी जो झोपला, त्याची केस दुसऱ्याची. ‘थकलो’ म्हणणाऱ्याला सीनियर ‘नाजूक’ म्हणत आणि मग महिनाभर त्याच्या हाती ड्रेसिंगशिवाय काही येत नसे. लग्नाच्या पंगतीत किती जिलब्या रिचवल्या हे सांगावं, तसे आम्ही जागलेले तास सांगायचो. मीही सांगायचो. गाढव होतो.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते आणि मी आदल्या सकाळपासून उभा होतो. चिकलठाण्याच्या कारखान्यातून आलेले दोन चेंगरलेले हात, मग एक फुटलेलं अपेंडिक्स. तेवढ्यात कन्नडहून जीपने एक शिंपी आला. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा. दुकानाची काच फुटून त्याचं उजवं मनगट खोल कापलं होतं. घट्ट बांधल्यामुळे रक्त थांबलेलं होतं. सीनियर दारातूनच म्हणाला, “तुझी केस. जमेल ना?”

“जमेल,” मी म्हणालो. असं ऑपरेशन पहिल्या वर्षाला सहसा मिळत नाही.

कागद भरताना माझ्या हातातून पेन दोनदा पडलं. शिंपी माझ्याकडे बघत होता.

“साहेब, डोळे लई लाल झालेत तुमचे. घंटाभर पडा की. मी बसतो इथं बाकड्यावर. मला काय घाई नाय.”

तासाभराने काही बिघडणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शेजारी सिस्टर उभ्या होत्या. मी फाडकन म्हणालो, “चाचा, हात दाखवायला आलात की माझे डोळे तपासायला?” तो ओशाळून हसला.

मनगटात बोटं हलवणाऱ्या दोऱ्या असतात आणि बोटांना स्पर्श कळवणारी एक जाड नस. कापल्यावर सगळ्यांची टोकं पांढरीच दिसतात. नसेवर एक बारीक रक्तवाहिनी असते, तिच्यावरून ती ओळखायची. मला हे तोंडपाठ होतं. पण ऑपरेशनच्या मध्ये कुठंतरी मी उभ्याउभ्या झोपलो असणार, कारण शेवटचे टाके मला आजही आठवत नाहीत.

तो दर महिन्याला यायचा. “बोटं हालतात, साहेब. पण सुई हातात हाय का पडली, तेच समजत नाय.” मी म्हणायचो, येईल हळूहळू. सहा महिन्यांनी सीनियरने मनगट पुन्हा उघडलं. नसेचं टोक मी शेजारच्या दोरीला शिवलं होतं. टाके मात्र अगदी सुबक होते. सीनियरने जमेल तेवढं जुळवलं, पण स्पर्श परतला नाही. इतका हताश मी नंतर कधीच झालो नाही. त्यातून पुरता बाहेर आलोय असंही नाही.

शेवटी मीच त्याला सगळं सांगितलं. त्याने मला मारावं असं वाटत होतं. त्याने कापड पारखतात तसा अंगठा दोन बोटांवर घासून पाहिला. काहीच कळलं नसणार.

“थांबलो असतो की मी, साहेब,” तो म्हणाला.