सिनेमात नसलेली आत्याबाई

एखाद्या कादंबरीवरचा सिनेमा बघून आमच्या घरातली पोरं परतली की निवाड्याला माझ्याकडं येतात. "काकू, पुस्तक भारी का सिनेमा?" मी चष्मा पुसत सांगते, "पुस्तक. सिनेमावाले कापतात." घरात माझ्या या मताला मोठं वजन आहे. ते मत एका थापेतून जन्मलं, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न होऊन येडशीजवळच्या या गावी आले तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं, आणि माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. अंतर म्हणाल तर सकाळी छोट्या रेल्वेत बसावं नि दुपारी आईच्या हातचं जेवावं एवढंच. पण मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. त्या नाक्यावरचे शिपाई परवडले, असा दुसरा नाका आमच्या घरात होता. माझ्या थोरल्या नणंदबाई. सासूबाई नव्हत्या, आणि विधवा होऊन परत आलेल्या वन्संच्या हाती सगळं घर होतं. दुधाच्या फडताळाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. सायीवर बोट टेकवून ती कालच्याएवढीच जाड आहे का, हे त्या रोज तपासायच्या.

पहिल्या पंचमीला भाऊ मला न्यायला आला. मी ओढ्यावर धुणं धूत होते. वन्संनी त्याला ओसरीवर बसवलं, तांब्याभर ताक दिलं आणि वाटेला लावलं. मी ओलं धुणं घेऊन आले तर खुंटीला गाठोडं.

"भाऊ येऊन गेला तुजा," वन्सं म्हणाल्या. "खुरपणीचे दिवस हायत म्हनलं, ती याची न्हाय. ताक पिऊन गेला."

गाठोड्यात लाडू होते, बांगड्या होत्या आणि एक कादंबरी होती. मी सोसलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी सोसलं नाही. लाडू खाता खाता मी सूड ठरवत होते.

आमच्या सोप्यात श्रावणात दुपारी गल्लीतल्या बायका वाती वळायला जमायच्या आणि पोथी चालायची. वाचणाऱ्या आजींचे डोळे गेलेले. गावच्या शाळेत उर्दू, त्यामुळं मराठी चार यत्ता शिकलेली मी एकटीच, म्हणून वाचन माझ्याकडं आलं. पोथी झाली की बायका म्हणायच्या, "बारशीकरणी, आता ते तुजं पुस्तक काढ." पुस्तक पाटावर यायचं. त्यालाही हळदकुंकू लागायचं. आणि पोथीचा नेम त्यालाही लागायचा: अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

हा नेम मला देवानंच पाठवलेला वाटला.

चौथ्या अध्यायात मी एक आत्याबाई घातली. पुस्तकात ती नव्हती. नायिकेच्या घरात मी तिला बिनबोभाट राहायला आणली. कमरेला किल्ली दिली. सायीवर बोट टेकवायला लावलं. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. गंमत अशी की वन्संनाच तिचा सगळ्यात जास्त राग यायचा. "काय मेली बाई हाय! घरात कुनी बोलत न्हाय व्हय हिला?"

मग आठव्या अध्यायात नायिकेचा भाऊ आला, आणि आत्याबाईनं त्याला ताक पाजून परत धाडला.

वन्संच्या बोटातली वात थांबली. त्या उठायला गेल्या, तशी शेजारच्या काकूंनी पदर धरला, "बसा वो, अध्याय मोडू नये." वन्सं बसल्या. मी अजिबात घाई केली नाही. ताकाचा तांब्यासुद्धा सावकाश घासून ठेवला. आणि शेवटच्या अध्यायात आत्याबाईला शेणखताच्या खड्ड्यात पाडली. कमरेपर्यंत. किल्लीसकट.

"हे पुस्तकात हाय?" वन्संनी विचारलं.

"व्हय वन्सं. छापलंय."

छापलेल्यापुढं त्या काळी कुणाचं काही चालत नसे. आपलं ताक पुण्यातल्या लेखकाला कसं कळलं, या विचारानं वन्संना चार दिवस जेवण गेलं नाही. मला दोन वेळचं सोडून तिसऱ्या वेळचंही गेलं.

दिवाळीनंतर कळलं की त्याच कादंबरीवरचा सिनेमा बार्शीला लागलाय. वन्संचे डोळे एकाएकी दुखायला लागले. डॉक्टरला दाखवायचं म्हणून काकूंना घेऊन त्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी नवा चष्मा लावून परतल्या.

"बघितला तुजा सिनेमा," ओसरीवर पाय ठेवायच्या आत त्या म्हणाल्या. "ती नायकीन नुसती गानी म्हनती. नवरा आजारी, गानं. पाऊस न्हाय, गानं. सैपाक कवा करती कुनास ठाऊक! पर आत्याबाई कुठं हाय गं? मी डोळं फाडून बघितलं. काकूला इचार."

काकूंनी मान हलवली. "खड्डाबी न्हाय."

आता थाप फुटणार होती. पण चार यत्ता उगीच झाल्या नव्हत्या. "वन्सं, एवढं जाड पुस्तक दोन-अडीच घंट्यांत कसं बसंल? सिनेमावाले कापतात. चांगलं तेवढं नेमकं कापतात."

वन्संनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला. मग अगदी गोड म्हणाल्या, "मला अक्षरं शिकव."

नाही म्हणायची सोय नव्हती. ताटात राख पसरून मी त्यांना बोट धरून शिकवलं. अर्धी अक्षरं उलटी शिकवावीत असंही एकदा मनात आलं. पण माझ्यातल्या खुनशी सुनेवर माझ्यातल्या मास्तरणीचा डौल भारी पडला. त्या पटापट शिकल्या की मलाच कौतुक वाटायचं. माझ्याच मानेसाठी मी सुरी परजत होते, आणि तिला धार चांगली लागली म्हणून खूश होते.

पुढच्या श्रावणात पाटासमोर वन्सं बसल्या. पुस्तक तेच. आता सगळ्यांसमोर माझी थाप उघडी पडणार म्हणून मी भिंतीला टेकून वाट बघत होते. वन्सं ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचत होत्या. आत्याबाई येणार नाही, मग त्या चष्मा वर करून माझ्याकडं बघणार.

पण आत्याबाई आली! नुसती आली नाही, तर गोरी, शांत, सोशिक होऊन आली. तिच्या भावाची बायको मात्र बारशीकरीण होती. ती ताक घुसळताना डुलक्या काढायची. लाडू एकटी खायची, आणि तोंड पुसून म्हणायची, "मुंग्यांनी नेले." बायका वाती टाकून पोट धरून हसत होत्या. मी उठायला गेले.

"बस गं," काकू म्हणाल्या. "अध्याय मोडू नये."

अध्याय संपल्यावर मी कशीबशी म्हणाले, "वन्सं, हे पुस्तकात हाय?"

"छापलंय की. तूच तर शिकवलीस अक्षरं."

माझं खोटं त्यांनी उघडं पाडलं नाही. पाडलं असतं तर मी एकदाच मेले असते. तेवढ्यावर सुटका करायला त्या माझ्याहून मूर्ख नव्हत्या.

दोन दिवसांनी पंचमीचं न्यायला भाऊ आला. मी दारातच होते. वन्संनी त्याला दूध दिलं, वर साय घालून, आणि मला म्हणाल्या, "जा. चांगली पंधरा दिवस राहा. घाई न्हाय. पुस्तक तेवढं ठेवून जा."

वर्षभर ज्यासाठी जळले ते हातात पडलं आणि आता माझाच पाय निघेना. दारातली बैलगाडी हलली तेव्हा मागं सोप्यात बायका जमायला लागल्या होत्या.

बार्शीत झोके, फुगड्या, आईच्या हातचे पुरणाचे दिंड. दुपार झाली की माझा जीव येडशीकडं. आता सहावा अध्याय चालू असेल. आता मी कुठल्या खड्ड्यात पडत असेन? माझी करमणूक म्हणून भावानं थेटरात नेलं. तोच सिनेमा फिरून लागला होता. नायिका छान गायली. पण घर कसं रिकामं वाटत होतं. सायीवर बोट टेकवायला कुणी नाही, ताकावर डुलक्या घ्यायला कुणी नाही. सिनेमावाल्यांनी खरोखरच चांगलं तेवढं कापलंय, असं मला मनापासून वाटलं.

पंधरा दिवसांसाठी गेलेली मी पाचव्या दिवशी परत आले. सोप्यात वाचन चालू होतं. वन्संनी मान वर केली नाही, फक्त बोट ओळीवर घट्ट धरलं. काकूंनी सरकून जागा दिली आणि हातात कापूस ठेवला.

"बरं झालं आलीस," त्या कुजबुजल्या. "आत्ताच तुला विंचू चावलाय."