दत्ताचा पाय आणि मणकेवाले डॉक्टर

आमचे मणकेवाले डॉक्टर माणसाला आधी पाठीमागून बघायचे. कुवेतमधल्या फिंतासच्या त्यांच्या दवाखान्यात शिरलं की, "नमस्कार नंतर, आधी दारापर्यंत चालून दाखवा," ही सलामी. "तोंड काय बघायचं? तोंडावर सगळे हसतात," म्हणायचे. शिकले इंग्लंडात, पण हट्ट अस्सल सांगलीचा.

युद्धानंतर कुवेत पुन्हा बांधायला घेतलं होतं, ती वर्षं. खैतानच्या आमच्या खोलीतले कोकणातले गडी मी शुक्रवारी गाडीत कोंबून त्यांच्याकडे न्यायचो. सगळ्यांच्याच कंबरा कामातून गेलेल्या. डॉक्टरांनी छतापासून दोरीला वजन टांगलं होतं. त्यामागे उभं करून कुठला खांदा उतरलाय, कंबर कुठे कललीय ते पाहायचे. आमचा गवंडी पहिल्याच दिवशी ओरडला, "आयला, हा तर आमचा ओळंबा!" डॉक्टर इतके खूश, की त्याला चहा पाजला. मग दोन पाय दोन वजनकाट्यांवर, मणक्यामणक्यावरून बोटं, गुडघ्यावर हातोडी, वाटलंच तर एक्स-रे. एवढं झाल्याशिवाय पाठीला झटका देणार नाहीत. आमच्या लोकांना मात्र तो कडकन आवाज तेवढा हवा असायचा.

त्यात आमची खोड, व्हिसाच्या मेडिकलपासून अंगात मुरलेली. डॉक्टरने काहीही विचारलं तरी आपण ठणठणीत!

दत्ताराम वेल्डर माझ्याच गावचा. त्याचा उजवा पाय ओढायला लागला. गावी घराचा स्लॅब टाकायचा राहिलेला, आणि कंपनीला कळलं तर अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करून घरी धाडतील ही धास्ती.

"डॉक्टर, येकदा कडकन वाजवा नि सोडा. उद्या ड्युटी हाय."

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि पावलाला टाचणी लावत गेले.

"लागतं?"

"लागतं."

"आता?"

"लागतं की!"

डॉक्टर थांबले. "दत्ता, आता मी टोचलंच नव्हतं रे."

नस दबलीय, मी हात लावणार नाही, आजच मोठ्या इस्पितळात जा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दत्ता शर्ट अडकवून तरातरा निघाला. "येवढा शिकलेला, नि साधी पाठ मोडता येयना!" मी किती विनवलं, ऐकेल तर शपथ. मिरकाब भागात कुणीतरी न तपासता पाठ मोडून देत होता, तिथे जाऊन आला. थोडे दिवस बरं वाटलं. मग पाऊल बधिर झालं ते कायमचंच.

डॉक्टरांनी हे फार मनाला लावून घेतलं. एरवी बोलघेवडा माणूस, पण दत्ताचा विषय निघाला की एकच म्हणायचे, "आजार ओळखला रे मी. पण तो किती घाबरलाय ते नाही ओळखलं. गाडीत घालून मीच न्यायला हवं होतं."

दत्ता कायमचा गावी निघाला तेव्हा डॉक्टर विमानतळावर आले. चाकांच्या खुर्चीत बसून दत्ता मला सांगत होता, आता स्लॅबचं धाकटा भाऊ बघेल, वाळू आणून टाकलीय. त्याच्या उजव्या पायातला बूट गळून कधीच मागे पडला होता. डॉक्टर तो उचलून घेऊन आले, खाली बसले, पाय हातात घेतला, बूट चढवला, नाडी बांधली. दत्ताला पत्ताच नाही, तो आपला वाळूचंच बोलतोय. खुर्ची पुढे गेली तरी डॉक्टर तसेच फरशीवर बसून राहिले. मी हात दिला, पण त्यांना उठवेना.