ताप नव्हता

"हात घाल गं." काकूने माझं मनगट धरून परातीत दाबलं.

घरात देवीचं बोडण होतं. आमच्या हिंदी मुलखातल्या गावी, मंगला गौरीच्या देवळाच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, म्हणून कुमारिका म्हणून मलाच बसवलेलं. मी आठ वर्षांची. सवाष्णी पुरण, दूध, दही हातांनी कालवत होत्या आणि रीतीप्रमाणे मला विचारत होत्या, काय हवं? कुमारिकेच्या तोंडून देवी मागते म्हणे. मला फक्त हात सोडवून हवा होता. ते गिळगिळीत पुरण बोटांच्या बेचक्यांत शिरलं आणि मी ओकले. परातीतच.

"घाण केली कार्टीने. उचला हिला." काकू ओरडली.

आई सगळ्यांकडे बघून कसनुसं हसली. "हिला ताप आहे," म्हणाली.

मला ताप नव्हता. मला ऑटिझम आहे, हे आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. मला ते कळलं चोविसाव्या वर्षी, पत्र्याच्या पेटीत मार्कशीट शोधताना डॉक्टरांचा कागद सापडला तेव्हा. तोवर शाळेत ताप, लग्नाकार्यात ताप. सोळा वर्षं मला माझीच किळस यायची.

गेल्या महिन्यात भावाला दुसरं मूल झालं. पुन्हा बोडण. त्याची थोरली मुलगी सात वर्षांची, कुमारिका म्हणून बसलेली. तिचंही निदान झालंय. घरात सगळ्यांना ठाऊक, तिला सोडून. वहिनीचं एकच, "अभी छोटी है."

परात पुढे आली तसे तिने हात पाठीमागे लपवले. काकू आता सत्तरीची, पण पकड तीच. तिने पोरीचा हात ओढून परातीत घातला. पोर थरथरायला लागली. माझी आई घाईने म्हणाली, "हिला जरा ताप आहे."

तेच हसू.

मी काकूची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, "ताप नाही. हिला ऑटिझम आहे. मलाही आहे."

सवाष्णींचे हात थांबले. आई पुटपुटली, "चारचौघींत शोभतं का हे?"

मी भाचीला विचारलं, "तुला काय हवं?"

"हाथ धोना है."

नळावर तिचे हात धुता धुता मी सांगितलं, चिकट लागलं की तुझा जीव नकोसा होतो, त्याला नाव आहे. ते नावही सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"आत्या, मतलब मैं गंदी नहीं हूँ?"

सात वर्षांची पोर हे विचारते. थू आमच्या शहाणपणावर.

आता मी त्या घरी प्रत्येक कार्याला जाणार, बोलावलं नाही तरी. परातीला खेटून बसणार. कुणी ताप म्हटलं की खरं नाव मोठ्याने सांगणार, तिच्यासमोर, आईसमोर.