सरकारी बिनधुराची चूल

सरकार बिनधुराची चूल बांधून देणार अशी दवंडी वलगावात फिरली, तेव्हा मी लग्न होऊन अकोल्याहून नुकतीच तिथं आले होते. चुलीचं सामान, बांधणाऱ्याची मजुरी आणि धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी, सगळं सरकार देणार होतं. घर मात्र गरिबाचं हवं. आमचं घर गरिबाचं आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावची भिक्षुकी करायचे, आणि गावाला देव आठवायचा तो लग्नाला आणि मर्तिकाला. माझे यजमान अमरावतीला कोर्टात कारकून होते. सायकलनं जायचे आणि सायकलनं यायचे, मधल्या वेळात घरात काय होतं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

दवंडी ऐकून सासूबाई हसल्या. "चूल म्हटली का धूर आलाच. सरकार काय उन्हावर भाकरी भाजून राहिलं काय?"

माझी थोरली नणंद मात्र हसली नाही. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि मामंजींना विचारलं, "बाबा, कोणाले सांगा लागते?"

वन्संना धामणगावला दिलं होतं. नवरा अडत्याकडे दिवाणजी. तिथंच त्यांना दमा जडला, आणि एका हिवाळ्यात नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं. तो वाईट काही बोलला नाही. खोकला बसला की नेतो म्हणाला, चहा प्याला आणि गेला. तेव्हापासून आमच्या घरात दमा हा शब्द बंद झाला. थंडी झाली, घसा धरला, हवा बदलली, असं काहीही चालायचं. तो शब्द धामणगावला पोचला तर लेक कायमची गळ्यात पडेल, असं सासूबाईंना वाटायचं. हे त्या लेकीसमोरच बोलून दाखवायच्या.

अमरावतीच्या डॉक्टरनं एकदा तपासून सांगितलं होतं की औषध नंतर बघू, आधी हिला धुरातून उठवा. धुरातून उठायचं म्हणजे चुलीपासून उठायचं. आणि आणून सोडलेली लेक चुलीपासून उठली तर तिनं त्या घरात कशाच्या जोरावर दोन घास खायचे? म्हणून वन्सं रोज पऱ्हाट्या पेटवायच्या. कपाशीची वाळकी झाडं ती, पावसाळ्यात ओल धरायची आणि पेटण्याआधी नुसती धुमसायची. भाकऱ्या झाल्या की वन्सं परसात येऊन दगडावर बसायच्या, गुडघ्यांवर हात रोवून हवा ओढायच्या. गळ्याखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडायचा. मला ते बघवत नसे. पण त्या चुलीपाशी होत्या म्हणून मी विहिरीवर होते, आणि विहिरीवर धूर नव्हता.

तेव्हा वन्संचा सगळा हिशेब त्या नळीवर येऊन थांबला होता. घरातला धूर गेला तर खोकला बसेल, खोकला बसला तर नवरा नेईल. धुणं वाळत घालताना एकदा त्यांनी मला विचारलंसुद्धा, "नेतीन ना वं ते मले?" मी म्हटलं, नेतील की. नवं लग्न झालेलं असलं की माणूस असलं काहीही बोलतो.

ग्रामसेविका येऊन सांगून गेली की ब्लॉकचे साहेब घरं पाहायला येणार आहेत, स्वयंपाकघर पाहूनच नावं ठरतील. झालं. एवढे मोठे साहेब आपल्या चुलीपर्यंत येणार म्हटल्यावर घर झाडायचं, सारवायचं, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या माहेरीही तेच केलं असतं. वन्संनी नाकावर पदर बांधला, उलथन्यानं भिंतींवरची काजळी खरवडली, आढ्याची जळमटं काढली. मधूनमधून बाहेर जाऊन श्वास गोळा करायचा आणि परत आत. मग पांढऱ्या मातीनं भिंती पोतल्या. पोतायचा कुंचा शेजारच्या काकूंनी दिला. त्यांची आणि आमची परसातली भिंत एकच होती.

"घे वं पोरी," काकू भिंतीवरून म्हणाल्या. "सायेब लोकायले घाण चालत नाही. चांगलं पांढरं कर."

"तुमी नाही पोतत काय?" मी विचारलं.

"माहं आंग दुखून राहिलं," काकू म्हणाल्या. ग्रामसेविका त्यांच्याच ओसरीवर रोज चहा प्यायची, हे मला तेव्हा ठाऊक होतं. त्याचा अर्थ लावायची अक्कल नव्हती.

साहेब येण्याच्या दिवशी वन्संनी उजाडायच्या आत स्वयंपाक उरकला. चुलीतली राख काढली, विस्तवावर पाणी मारलं, चुलीला पोतेरं फिरवलं, आणि दार-खिडकी उघडी टाकून शेवटचा धूरसुद्धा घालवला. स्वयंपाकघर दिवाळीसारखं दिसत होतं. साहेब आले, बूट काढून उंबऱ्याशी उभे राहिले. पुण्याकडचे असावेत. त्यांनी भिंतीवर एक बोट ओढलं आणि ते उजेडात धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"इथं धूर होतो तरी कुठे?" ते म्हणाले.

मामंजींना ते कौतुक वाटलं. "आमच्या घरी स्वच्छतेले फार जपतो साहेब," असं ते हात जोडून म्हणाले.

"धुरानं कुणाला त्रास? खोकला, दमा?"

तो शब्द एका परक्या माणसानं आमच्या घरात उच्चारला. वन्सं माझ्याशेजारी उभ्या होत्या. पाहुण्यासमोर खोकायचं नाही म्हणून त्यांनी केव्हापासून दम कोंडून धरला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. एकदाच खोकल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाल्या, "नाही बाप्पा, आमच्या घरी कोणाले काही नाही."

साहेब शेजारी गेले. मी परसातल्या भिंतीशी उभी राहून ऐकत होते. काकूंनी भर दुपारी ओल्या पऱ्हाट्या कोंबून चूल पेटवली होती. धूर कौलांतून नुसता लोटत होता आणि काकू खोकत होत्या. काकूंचा खोकला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कागदावर काकांची जमीन भावाच्या नावावर होती, बैल मेहुण्याच्या. काकांच्या स्वतःच्या नावावर फक्त काकू होत्या. साहेब डोळे पुसतच बाहेर आले. ग्रामसेविकेला म्हणाले, "खरी गरज इथं आहे."

वन्सं तोवर दगडावर बसून कोंडलेला सगळा खोकला खोकत होत्या. ऐकायला मी एकटी होते.

काकूंची चूल झाली. गावानं रांग लावून पाहिली. खरंच आत धूर होत नव्हता, हे मी नाकारणार नाही. पण नळी कौलांच्या वर न्यायची होती, ती काकांनी मध्येच कापली आणि उरलेल्या तुकड्याची गुरांच्या टाक्याला पन्हाळ केली. आखूड नळी मग भिंतीतून आडवी काढावी लागली. एका अंगाला त्यांच्या कडब्याची गंजी होती, तिकडं ठिणगीची भीती. म्हणून तोंड काढलं आमच्या परसाकडं. वन्सं ज्या दगडावर श्वास घ्यायला बसायच्या, त्याच्या बरोबर वर.

आता आत आमचा धूर आणि बाहेर काकूंचा. वन्सं सकाळी परसात आल्या की वर बघायच्या, नळी धुमसत असली की पदर तोंडाशी धरून परत आत जायच्या. रस्त्यावर जाऊन बसायची सोय नव्हती, टाकलेल्या बाईनं रस्त्यावर बसायचं नसतं. मामंजी शेवटी काकांकडं गेले. नळीचं तोंड जरा वर करता का, म्हणाले. काका खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "सरकारी नळी हाये बुवा. तिले हात लावला तर मलेच धरतीन." तीच नळी त्यांनी करवतीनं कापलेली आख्ख्या गावानं पाहिली होती. मामंजी परत आले आणि संध्या करायला बसले. त्यांच्या त्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी त्यांच्या पळी-पंचपात्रीत पाणी भरलं नाही. त्यांनी ते स्वतः भरून घेतलं.

पुढच्या साली आणखी काही चुली मिळणार असं कळलं. सासूबाईंना तोवर काकूंच्या तोंडूनच सगळी युक्ती कळली होती. काकू ती बायकांत हसत-हसत सांगायच्या. त्यात दडवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसे. सासूबाईंनी फर्मान काढलं, "यंदा भिंतीले हात लावू नका. काळ्या होऊ द्या." वन्संना कोळ्याचं एक जाळं खपायचं नाही. वर्षभर काळ्या होत जाणाऱ्या भिंतींत बसून त्या भाकऱ्या थापत राहिल्या. एकदा नकळत फडकं घेऊन पुसायला लागल्या तर सासूबाईंनी फडकं हिसकावलं. एव्हाना त्या चार पावलं चालल्या तरी थांबायच्या. बोलणं तुटक झालं होतं. धामणगावहून पत्र येणं बंद झालं होतं, आणि ते का बंद झालं हे विचारायला कुणी गेलं नव्हतं.

साहेब आले. तेच होते. आम्ही या वेळी चूल पेटती ठेवली होती. साहेबांनी उंबऱ्यातून भिंती पाहिल्या, मामंजींकडं पाहिलं, पुन्हा भिंती पाहिल्या.

"गेल्या वर्षी हे पांढरंशुभ्र होतं," ते म्हणाले. "मी विसरलेलो नाही. अनुदानासाठी घर मुद्दाम काळं केलंत?"

ते खरं होतं. तेवढ्यात वन्संना उबळ आली. या वेळी त्यांनी दाबली नाही. भिंतीला धरून त्या खोकत राहिल्या, खोकता-खोकता खाली बसल्या, ओठ जांभळे पडले. सासूबाई एकदम पुढं झाल्या आणि इतकी वर्षं गिळलेला शब्द त्यांनी साहेबांच्या तोंडावर फेकला. "दमा हाये तिले साहेब. पोट्टी मरून राहिली माही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलं की कुणाला काही नाही. या बाई माझ्यासमोर ठणठणीत उभ्या होत्या." ते ग्रामसेविकेकडं वळले. तिनं खाली पाहिलं. "असली नाटकं केलीत तर खऱ्या गरिबांना काय द्यायचं आम्ही?" ते बूट घालायला लागले. जाताना शेजारी डोकावले, काकूंच्या पोतलेल्या स्वच्छ स्वयंपाकघराकडं बोट करून आम्हाला म्हणाले, "हे बघा. शिका काही."

वन्संना पाणी द्यायचं भान मला नंतर आलं.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळची वेळ होती, कणीक मळून झाली होती. दगडापर्यंत पोचल्या नाहीत, मोरीशीच बसल्या आणि तशाच राहिल्या. धामणगावला निरोप गेला, नवरा आला. त्यानं रीतसर सगळं केलं, सासूबाईंच्या पाया पडला, आणि निघताना मामंजींना म्हणाला की एवढा आजार होता तर कळवायचं होतं. बाईमाणसाचं ऐकून घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती, नाहीतर त्या दिवशी मी त्याला रस्त्यावर ओढलं असतं.

मर्तिकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परतली, आंघोळी झाल्या, आणि काकू फडक्यात भाकऱ्या आणि पातेल्यात पिठलं घेऊन आल्या. शेजारधर्म त्यांनी चुकवला नाही. स्वतः ताटं मांडली, स्वतः वाढलं, सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"खा वं बाई. गरम हाये. अन् धुराचा वाससुद्धा नाही लागला पाहा भाकरीले."

सासूबाईंनी तुकडा मोडला, नाकाशी नेला, तोंडात घातला.

"खरंच नाही लागला," त्या म्हणाल्या. चावता-चावता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता, नेहमीसारखं काम सांगत होत्या. "सूनबाई, आता चुलीपाशी तूच बसजो."

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी हो म्हटलं आणि काकूंच्या पुढं ताट केलं.